सुरक्षा प्रश्न

मेहेर सिग्नलच्या मागे तळघरात माझं दुकान.
पाटीवर 'दुरुस्ती' एवढंच उरलंय,
आधीचा शब्द उन्हानं खाल्ला.

गुरुवारी गायधनी आले, रामकुंडावरचे उपाध्ये.
काखेत लॅपटॉप, लाल फडक्यात बांधलेला,
ते वही बांधतात तसा.
म्हणाले, बघा जरा, हा मला ओळखत नाही.

तीन वर्षं खपून त्यांनी वह्यांचे फोटो काढले होते.
अकराशे पानं, निम्मी मोडी,
सिन्नर-निफाडकडची गावंच्या गावं,
कोण कुणाच्या अस्थी घेऊन आलं, सोबत कोण,
कुणी सही केली, कुणी नांगर काढला.
सगळं 'वर' ठेवलं.
वर म्हणजे कुठे, हे विचारलं नाही.
वर ठेवलं की सुखरूप, ही त्यांच्या घरची जुनी समजूत :
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी आलं
की वह्या माळ्यावर जातात.

आता खातं बंद. कारण : धोरण.
धोरण छत्तीस पानांचं, इंग्रजीत.
'मान्य आहे' तेवढं मराठीत.

मग पडद्यानं विचारलं, तुम्ही यंत्र नाही ना?
सिग्नल असलेले चौकोन निवडा.
गाव आणि आडनाव सांगा,
तुमचा खापरपणजोबा काढून दाखवणारा हा माणूस
धूसर चित्रात सिग्नल शोधत बसला.
दोनदा चुकला.
खांब धरायचा की नाही, मलाही सांगता येईना.

मला राग आला की मी भाषण करते.
म्हटलं, गुरुजी, कसला ढग!
पिंपळगावचं शीतगृह आहे ते.
द्राक्षं तुमची, कुलूप त्याचं.
फरक एवढाच, शीतगृहवाला पावती देतो.
आणि हा लॅपटॉप, नऊ वर्षांचा, धडधाकट,
त्याला निरोप आलाय : नव्या आवृत्तीस अपात्र.
कळ दाबली की अक्षर उमटतं,
अजून कसली पात्रता?

गायधनी हसले.
आमच्यातही गावं वाटून घेतलेलीच, म्हणाले.
तुमचं गाव ज्याच्याकडे, तुम्ही त्याचेच.
दुसऱ्यानं वही उघडायची नाही.
दक्षिणा चुकली की आमचे आजोबाही
पान सापडत नाही म्हणायचे.

यावर मला बोलता येईना.
मी त्यात फुकटची प्रणाली टाकायला घेतली,
कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांनी
रात्री जागून लिहिलेली.
वीस मिनिटं लागतात.
तोवर त्यांनी विचारलं, गाव?
माहेरचं सांगू की सासरचं?
माहेरचं सांगा.
दापूर. आव्हाड.

त्यांनी मुलाला फोन लावला.
फोटो आला, त्याच कंपनीच्या रस्त्यानं.
शके अठराशे त्रेपन्न. कोंडाजी आव्हाड,
सोबत मुलगा, पुतण्या, भाऊबंद तीन, सगळे नावानिशी.
निशाणी नांगर, जरा वाकडा.
खाली एक ओळ :
बायका दोन.

मी बराच वेळ त्या 'दोन'कडे बघत होते.

इकडे दुसऱ्या पडद्यावर खात्याचा शेवटचा प्रश्न :
तुमच्या आईचं माहेरचं आडनाव?
ज्या कंपनीवर माझा काडीचा विश्वास नाही
तिनं हे विचारावं,
कशासाठी का असेना.

गायधनींना आडनाव पाठ होतं.
इंग्रजीत कसं लिहिलं होतं, ते आठवेना.
एक 'ए' की दोन?
दोन घातले. चूक.
एक घातला. चूक.
आता चोवीस तास थांबा.

मी तीनशे घेतले. पावती दिली.
पावतीच्या मागे लिहिलं :
ठकूबाई, माहेरच्या सांगळे, माझी आई.
हे वहीत कुठे बसतंय का बघा.

त्यांनी चष्मा वर करून वाचलं, घडी घातली.
रकाना नाही, म्हणाले.
समासात बसेल.